दर अर्ध्या तासाची नोंद

"माझ्याबद्दल काय लिहिता त्यात?" उज्ज्वलानं विचारलं.

तिला आत येऊन अकरा दिवस झाले होते आणि माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती. मी बॅरेकच्या दाराशी पालथ्या बादलीवर बसले होते, वही मांडीवर. ती भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. आमच्यात चार हातांचं अंतर असायचं. तेवढं ठेवायची मला ताकीद होती.

"वाचता येतं तुला?" मी म्हटलं.

"बारावी झालीय."

माझी चौथी झालेली नव्हती. मी वही तिच्यापुढे धरली. तिनं हात लावला नाही, नुसती मान वाकवून वाचली. वहीत तीन रकाने. वेळ, काय करते, सही. सकाळी साडेसहाला दार उघडायचं, संध्याकाळी साडेपाचला बंद व्हायचं. दर अर्ध्या तासाची एक ओळ. साडेसहा, बसली आहे, ठीक. सात, बसली आहे, ठीक. तिची नजर खाली खाली गेली आणि थांबली.

"आता किती वाजले ताई?"

"अकरा."

"मग साडेपाचला मी बसलेली आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी वही ओढून घेतली. त्या पानावरच्या सगळ्या ओळी मी सकाळी चहाच्या आधीच भरल्या होत्या. रोजच भरायची. लोंढेबाईंनी तसंच शिकवलं होतं. एका दमात लिहून टाक, दिवसभर कटकट नको.

उज्ज्वला हसली. हसली म्हणजे तिच्या नाकातून हवा बाहेर आली. "साडेपाचला मी ठीक आहे म्हणजे," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलं."

मग पुन्हा भिंतीकडे तोंड.

हे मध्यवर्ती कारागृहाच्या बायकांच्या विभागातलं. मी तिथं जन्मठेप भोगत होते. दिराला मारल्याचा गुन्हा होता आणि मी मारलं होतं. त्याच्यावर मला इथं काही सांगायचं नाही. आठ वर्षं काढली होती. वाचायला लिहायला आत शिकले, तेही कुणी शिकवलं म्हणून नाही, माझी अपिलाची कागदं मला वाचता येत नव्हती याचा राग येऊन शिकले. लिहिता येऊ लागलं तशी रायटर झाले. तुरुंगातली निम्मी कारकुनी कैदीच करतात. सह्या तेवढ्या साहेबांच्या असतात.

उज्ज्वला सोळंके कच्ची कैदी होती, खटला चालायचा होता. वय तेवीस. लहानग्या पोराला घेऊन तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. ती वाचली, पोरगं वाचलं नाही. पोलिसांनी तिच्यावर दोन गुन्हे लावले, एक पोराच्या खुनाचा आणि एक स्वतः मरायला निघाल्याचा. नवऱ्यावर आणि सासूवर काय लावलं ते मी विचारलं होतं. काही नाही.

आत घेताना डॉक्टरनं तिच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या होत्या. सतत नजरेखाली ठेवावे. मनोविकारतज्ज्ञास दाखवावे. पहिल्या ओळीसाठी ती वही आली आणि वहीसाठी मी. दुसऱ्या ओळीसाठी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि न्यायला पोलिसांचा गार्ड हवा होता. गार्ड मिळत नव्हता. मंत्र्याचा दौरा, उरूस, परीक्षा, मोर्चा. दर वेळी पोलिसांकडून तेच पत्र यायचं, मनुष्यबळ उपलब्ध नाही. ती पत्रं फायलीला लावायचं कामही माझंच. माझ्या हातानं भोक पाडून मी ती ओवायची.

तर त्या दिवशी मी लाजले. वहीच्या पानांना नंबर होते, पान फाडता येत नव्हतं. साडेअकरापासून साडेपाचपर्यंतच्या ओळींवर मी आडवी रेघ मारली आणि शेजारी कोऱ्या जागेत पुन्हा लिहायला घेतलं. साडेअकरा. भिंतीकडे तोंड करून बसली आहे. बारा. भाकरी घेतली, खाल्ली नाही, ताटात तशीच.

संध्याकाळी लोंढेबाई सही करायला आल्या. लोंढेबाई शिपाई होत्या, पन्नाशीच्या, गुडघे दुखायचे, एका पायावर भार टाकून उभ्या राहायच्या.

"ही कसली खाडाखोड, केशर? मॅडम विचारतील मला."

"बाई, अकरा वाजता मी साडेपाचचं लिहून ठेवलं होतं."

"मग? साडेपाच वाजणारच होते ना. का आज वाजले नाहीत?"

"वाजले. पण ती तेव्हा बसलेली नव्हती. उभी होती. गजाला कपाळ टेकून."

लोंढेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असलं लिहू नकोस गं," त्या हळू म्हणाल्या. "असलं लिहिलं की कुणीतरी काहीतरी करायला लागतं."

मी मात्र लिहीत गेले. अर्ध्या तासाला एक ओळ म्हणजे दिवसाला तेवीस ओळी. तोवर मी तिच्या समोर बसायची, पण तिला बघत नव्हते. आता ओळ भरायची म्हणून बघावं लागायचं. डाव्या हाताची बोटं उजव्या दंडावर थोपटल्यासारखी आपोआप हलायची. दुपारी तीनच्या सुमाराला जास्त. तीन वाजता बॅरेकच्या दुसऱ्या टोकाला कुणाचंही पोरगं रडलं की ती दोन्ही कान दाबून घ्यायची. तान्ही पोरं आयांबरोबर आत असतात, रडतातच. हे सगळं मी लिहिलं. माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा तोरा आला होता. आठ वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी खरं काम करते आहे, असं वाटायचं.

सतराव्या दिवशी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. विसाव्या दिवशी केस धुतले. एकविसाव्या दिवशी हसीनाचाचीनं तिच्या डोक्याला तेल लावलं. हसीनाचाची आमच्या बॅरेकमधली सगळ्यात म्हातारी, बारा वर्षांपासून आत. बॅरेकचे रीतिरिवाज तिच्याच तोंडी असायचे.

आणि बाविसाव्या दिवसापासून उज्ज्वला वस्तू द्यायला लागली.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे ज्या बाईचा जामीन होतो ती बाहेर जाताना तुरुंगातली काडीही नेत नाही. पाण्याचा मग, ताटली, साबण, चप्पल, सगळं मागे वाटून जाते. तुरुंगातली वस्तू घरात गेली तर ती बाईला परत ओढून आणते, असं सगळ्या मानतात. शहाण्या बायका मग जामिनाचा सुगावा लागला की आधीच थोडं थोडं वाटायला लागतात. आणि अशा बाईला कुणी काही विचारायचं नसतं. वकील काय म्हणाला, तारीख कधी, ऑर्डर आली का, एक शब्द नाही. टोकलं की जामीन फिसकटतो. दिलेली वस्तू मुकाट घ्यायची आणि मनात म्हणायचं, सुटली बिचारी.

तिनं पहिल्यांदा कंगवा दिला, हसीनाचाचीला. चाचीनं तो कपाळाला लावला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

"काय गं चाची?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"तेरे को क्या समजत नाय? पोरगी निघाली."

"कशी निघाली? हिला तर भेटायलाही कुणी येत नाही."

"चूप. नाव नको काढू. आला असेल बापाचा काही निरोप. बघ तिच्या तोंडाकडं, कशी उजळली."

उजळली होती. खोटं कशाला बोलू. एवढे दिवस तिच्या चेहऱ्यावर जो पडदा होता तो गेला होता. ती पोरांकडे बघायची. चाचीला विहिणीची गोष्ट सांगताना एकदा खरंच खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी साबण दिला, त्याच्या पुढच्या दिवशी तुरुंगात मदतीला येणाऱ्या संस्थेच्या बायकांनी दिलेली हिरवी साडी. सत्ताविसाव्या दिवशी ती माझ्या बादलीपाशी आली आणि पायातली चप्पल काढून माझ्यापुढे ठेवली.

"घ्या ताई. तुमची तुटलीय कधीची."

"आणि तू?"

"मला नाही लागायची."

मी घेतली. मीही विचारलं नाही. वहीत लिहिलं, साडेचार, स्वतःची चप्पल केशर वाघमोडे हिला दिली, चेहरा प्रसन्न, दोन्ही वेळ जेवली. लिहिताना मला आनंद झाला होता. माझ्या वहीतली बाई बरी होत होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. बिडकर मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. त्या आमच्या विभागाच्या तुरुंगाधिकारी. वयानं माझ्याएवढ्याच, कडक इस्त्रीच्या. समोर वही उघडी.

"वाघमोडे, हे काय कादंबरी लिहिलीय तुम्ही?"

"जे दिसलं ते लिहिलं मॅडम."

"दिसलं ते चांगलं आहे की. जेवते, आंघोळ करते, हसते. मग अजून एक माणूस हिच्यामागं कशाला अडकवायचा? शिफारस लिहा. सुधारणा झाल्याने निगराणी बंद करण्यास हरकत नाही."

"गार्डचं काय मॅडम? डॉक्टरनं दाखवायला सांगितलंय."

"सात पत्रं गेलीत माझी. आणखी काय करू, पाठीवर घालून नेऊ?"

मी शिफारस लिहिली. माझ्याच शब्दांत, आणि खुशीत. खाली मॅडमची सही पडली. उज्ज्वलाला शिलाईच्या खोलीत काम दिलं गेलं आणि मी माझ्या जुन्या टेबलावर परत आले.

मंगळवारी जेवणानंतर मी बुधवारच्या कोर्टाची यादी करायला बसले. कोण कुठल्या कोर्टात, कोणाचा वकील कोण, कुणाचा जामीन अर्ज लागलाय. प्रत्येक कच्च्या कैद्याचा एक तक्ता असतो, ते तक्ते चाळून नावं काढायची. यादी करताना सोळंके उज्ज्वला हे नाव समोर आलं तेव्हा मी जरा थांबून वाचलं. मनात होतं की आपल्या बाईची ऑर्डर कुठल्या तारखेला येतेय बघावं. तोंडानं विचारायचं नसतं, कागदाला विचारायला कुणाची हरकत.

वकील, नाही. जामीन अर्ज, नाही. भेटायला आलेले, निरंक. आलेली पत्रं, निरंक. पुढची तारीख पुढच्या महिन्यातली.

मी तक्ता उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

मग ही कुठं निघाली होती?

कंगवा, साबण, साडी, चप्पल. एक एक ओळ मीच लिहिली होती, तारीखवार, वेळ घालून. निरक्षर हसीनाचाची चुकली ते समजू शकतं. मी तर लिहीत होते. माझ्या पायात तिची चप्पल होती.

मी उठले. ऑफिसच्या दारातून आत यायला मधलं फाटक होतं, तिथं लोंढेबाई.

"आता कुठं? अजून तुझी वेळ झाली नाही."

"उज्ज्वला कुठंय?"

"शिलाईत. का?"

"बाई, तिचा जामीन नाहीये."

"कुणी सांगितलं जामीन आहे म्हणून?"

"कुणीच नाही. फाटक उघडा."

मग लोंढेबाईंच्याही डोक्यात उजेड पडला. त्यांच्या हाताला किल्ली सापडेना, सापडली तशी त्यांनी फाटक उघडलं. मी शिलाईच्या खोलीत गेले, तिथं तिचं मशीन रिकामं. शेजारची म्हणाली, पोटात दुखतंय म्हणून गेली, आत्ताच. बॅरेकमध्ये कुणी नव्हतं, त्या वेळी सगळ्या हौदावर धुणं धूत असतात. बॅरेकच्या मागं घोंगड्यांची खोली होती. तिचं दार लोटलेलं होतं.

ती आत होती. तिच्या हातात काय होतं ते मी चौकशीतही सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही. ती उभी होती आणि जिवंत होती.

मला काय बोलावं सुचेना. असल्या वेळी शहाणी माणसं काय बोलतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं.

"उज्ज्वला, तुझी तारीख कधी आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. हौदावरून कपडे आपटल्याचा आवाज येत होता. मग ती घोंगड्यांच्या ढिगावर बसली.

"टोकलं ना तुम्ही," ती म्हणाली. "आता नाही होणार."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. चार हातांचं अंतर मोडलं. तिच्या हातातलं काढून घेतलं, तिनं काढू दिलं.

"टोकायलाच आले," मी म्हटलं. "सात दिवसांपूर्वी यायला हवं होतं. तू कंगवा दिलास तेव्हा."

"मला वाटलं तुम्हाला कळलंय. तुम्ही तर सगळं लिहिताय. मला वाटलं कळूनसुद्धा कुणी बोलत नाही, म्हणजे जा म्हणतायत."

हे वाक्य मी कितीदा ऐकलंय नंतर, कानात. जा म्हणतायत.

"त्याचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"कुणाचं?"

"तुझ्या पोराचं."

"कागदावर आहे की. मयत लिहिलंय सगळीकडं. पोलीस मयत म्हणतात, कोर्टात मयत म्हणतात. मी त्याला हाक मारायची तर मयत म्हणून मारू का?" मग म्हणाली, "शिवांश. दीड वर्षाचा. मला आई म्हणायचा नाही, उजू म्हणायचा. घरातले म्हणायचे ते ऐकून."

तेवढ्यात लोंढेबाई लंगडत आल्या, त्यांनी आत पाहिलं आणि दारातच खाली बसल्या. शिट्टी गळ्यात होती, वाजवली नाही. नियमानं ती वाजवायला हवी होती. त्या उज्ज्वलाच्या पायावर हात ठेवून म्हणाल्या, "पाय किती गार आहेत गं तुझे." उज्ज्वला तेव्हा रडली. अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदा.

मॅडमना सांगावंच लागलं. बिडकर मॅडम आल्या, त्यांनी उज्ज्वलाला पाणी पाजलं, तिला दोन बायकांच्या मध्ये बसवलं, आणि मला ऑफिसात नेऊन दार लावून घेतलं. वही टेबलावर घेतली. बाविसाव्या दिवसापासूनची पानं वाचली. वाचताना त्यांचे ओठ पांढरे पडत गेले.

"हे सगळं तुम्ही लिहिलंय. वस्तू दिल्याचं. आणि खाली माझी सही आहे, निगराणी बंद."

"हो."

"म्हणजे कुणीही उघडलं तर म्हणेल, हिला सगळं दिसत होतं आणि हिनं काल पहारा उठवला."

"मलाही दिसत होतं मॅडम. शिफारस माझी आहे."

"तुम्हाला कोण विचारतंय? तुम्ही कैदी." त्या खुर्चीत बसल्या. आवाज खाली आणला. "माझ्या घरी दोन मुली आहेत, वाघमोडे. एकटी कमावते मी. माझी चौकशी लागेल. ही वही नव्यानं लिहायची. स्टोअरमधून कोरी देते. तुमचंच अक्षर हवं, कारण मध्यंतरी निरीक्षण झालंय, तुमचं अक्षर बघितलंय त्यांनी."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला एकदम दिसलं की या बाईला माझी गरज आहे, आणि आठ वर्षांत तिथं कुणालाच माझी गरज पडली नव्हती.

"लिहिते," मी म्हटलं. "पण आधी तिला दवाखान्यात न्या. आज. भरती करून घ्या. डॉक्टरनं लिहिलंय ते करा."

"गार्ड नाही."

"मग वहीही नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग फोन उचलला. त्या काय बोलल्या, कुणाला बोलल्या, कुणाची भीती घातली, ते मी ऐकलं. जो गार्ड अठ्ठावीस दिवस मिळत नव्हता, सात पत्रांना मिळत नव्हता, तो दीड तासात फाटकावर आला. दोन पोलीस बायका आणि एक गाडी. एवढंच लागत होतं. दोन बायका आणि एक गाडी.

उज्ज्वला अनवाणी निघाली. मी तिची चप्पल काढून तिला घातली.

मी वही लिहिली. तीन दिवस लागले. मॅडमनी पहिली ओळ सांगितली आणि म्हणाल्या, हीच चालवा, फार अक्कल लावू नका. बंदिनी शांत. वेळेवर आहार घेतला. तक्रार नाही. दिवसाला तेवीस, साडेसहाशेच्या वर ओळी. निगराणी बंद झाल्याचा उल्लेखच नाही, शेवटच्या दिवसापर्यंत चालू. सगळ्यात शेवटी, दुपारी चार, बंदिनी अस्वस्थ वाटल्याने तात्काळ रुग्णालयात रवाना. जुनी वही मी स्वतः मुदपाकखान्याच्या चुलीत घातली. दंडावर थोपटणारी बोटं, कान दाबणं, गजाला टेकलेलं कपाळ, सगळं जळालं. त्यातून भातसुद्धा शिजला असेल.

उज्ज्वला अडीच महिने दवाखान्यात राहिली. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तिच्याशी बोलून बोलून तिला वर काढली. नंतर तिला सरकारी वकील मिळाला, तोही त्या डॉक्टरीण बाईंमुळे. खटल्यातून सुटायला चार वर्षं लागली. आज ती जिवंत आहे. कुठं आहे ते सांगत नाही.

आणि माझं काय झालं? वर्षअखेरीला मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी ती वही पाहिली. एकही खाडा नाही, एकही खाडाखोड नाही, एका वळणाचं अक्षर, आणि शेवटी वेळेवर कारवाई. अशी वही मी पाहिली नाही, असं म्हणाले. मला उत्कृष्ट कामाबद्दल तीस दिवसांची जादा माफी मिळाली. मी नको म्हटलं नाही. तीस दिवस लवकर बाहेर आले आणि ते तीस दिवस मी माझ्या बहिणीच्या घरी पोटभर झोपले.

याला चौदा वर्षं झाली. मी विसरले होते असं नाही, पण माझ्या लेखी हिशेब मिटला होता. एक खोटी वही, एक जिवंत बाई. ज्याला त्यात पाप दिसत असेल त्यानं येऊन माझ्या तोंडावर सांगावं, अशा ताठ्यात मी होते.

सांगायला आली ती एक वकील मुलगी. गेल्या वर्षी, पावसाळ्यानंतर. शबाना तांबोळी तिचं नाव. मी तेव्हा एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होते. दुपारची भांडी चालली होती. तिनं पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला आणि ओट्याच्या कोरड्या कडेवर ठेवला.

"दुसऱ्या एका तुरुंगातलं प्रकरण आहे मावशी. एकोणीस वर्षांची मुलगी. निगराणीखाली होती. गेली. तिच्या भावाची केस मी चालवते." तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "डॉक्टर म्हणतात ती तीनच्या आधी गेली होती. ही साडेतीनची नोंद बघा."

बंदिनी शांत. वेळेवर आहार घेतला. तक्रार नाही.

"ही चारची."

बंदिनी शांत.

"ही साडेचारची. ओरड झाली पाच वाजता. म्हणजे सकाळीच भरून ठेवलेल्या ओळी आहेत, हे मला कळतं. पण शब्द न शब्द तेच, सहा तुरुंगांतल्या वह्या मागवल्या, सगळीकडे तेच. म्हणून मी मुळाशी गेले. तर हे निघालं."

गठ्ठ्याच्या तळातून तिनं एक पान काढलं. वर शिक्का होता, नमुना. निगराणी नोंदवही अशी ठेवावी, सर्व विभागांना माहितीसाठी. खाली तेवीस ओळी. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षर फुगलं होतं, पण माझा क मी कुठंही ओळखते. त्याची शेपटी मी उलटी काढते. चौथीच्या आत शाळा सुटलेल्या बाईला कुणी सरळ करून दाखवली नव्हती.

मी हात पुसले. पाट ओढून खाली बसले.

"तुमचंच अक्षर आहे ना?"

"माझंच."

"त्या वहीतलं खरं होतं?"

"एक ओळ नाही."

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. मी तिला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं त्याच क्रमानं. शेवटी म्हणाली, "मावशी, हे तुम्ही कोर्टात सांगितलंत तर माझी केस उभी राहील. ही पद्धतच खोटी आहे हे सिद्ध होईल. पण खोटं रेकॉर्ड केल्याचा गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो. ती तीस दिवसांची माफीही काढतील. पुन्हा आत जावं लागेल असं मी म्हणत नाही, पण लागणार नाही असंही म्हणत नाही."

"मुलीचं नाव काय?" मी विचारलं.

"कोमल. कोमल शिरसाट."

"तिच्यासमोर कोण बसायचं? वही घेऊन?"

"तिथलीच एक कैदी. चोवीस वर्षांची. तिला विचारलं तर म्हणाली, मला हेच पान दिलं होतं, यातनं उतरव म्हणाले."

भांड्यांचं पाणी मोरीत घळघळ जात होतं. मला त्या चोवीस वर्षांच्या पोरीचा चेहरा दिसेना, पण तिची मान दिसत होती, पानावर वाकलेली. एकदाही वर न झालेली.

शबानानं पेनाचं टोपण काढलं होतं, तरी लिहीत नव्हती. चांगली मुलगी होती. मला वाट काढून देत होती.

"एक मात्र आपण मांडू," ती म्हणाली. "त्या वहीच्या बदल्यात तुम्ही एका बाईचा जीव वाचवलात. ते तुमच्या बाजूचं आहे. तिथून सुरुवात करू का?"

"बाजू कशाला," मी म्हटलं. "ती वाचली तेही लिहा आणि ही गेली तेही लिहा. दोन्ही माझ्याच नावावर लिहा."